एडगर ॲलन पोच्या ‘अशर’मध्ये पुस्तकांच्या यादीपाशी अडकले आहे. जुन्या गॉथिक कथा वाचायच्या तरी कशा?

अर्धवट_पान

नमस्कार मंडळी,

भयकथा मला नव्या नाहीत. धारप, मतकरी भरपूर वाचलेत, काही कथा तर पुन्हा पुन्हा. ज्या जुन्या इंग्रजी गॉथिक कथांचं (जुने वाडे, गूढ, धास्ती) नाव सगळे अदबीने घेतात त्या एकदा मुळातून वाचाव्यात, असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. एक जाडजूड संग्रह मिळाला, पोपासून फॉकनरपर्यंत. उत्साहाने पहिलीच कथा काढली, ‘द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर’.

आणि तिथेच बसले आहे.

एक माणूस घोड्यावरून येतो. घर बघतो, उदास होतो. मग घरासमोरचं तळं बघतो, तळ्यात उलटं पडलेलं घर बघतो, आणखी उदास होतो. आत गेल्यावर मित्राचा आजार, मित्राची चित्रं, मित्राचं गिटार. मग दोघं मिळून कोणकोणती पुस्तकं वाचायचे त्याची भलीमोठी यादी, त्यातलं एकही नाव मी ऐकलेलं नाही. वाक्यं अशी की अर्धविराम संपता संपत नाहीत आणि क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत कर्ता कोण होता ते विसरायला होतं.

घाबरणं सोडाच, मला जांभया येतायत. शेवट ठाऊक आहे (एका व्हिडिओने फोडला), त्यामुळे पुढे काय होतं ही ओढही नाही.

जाणकारांना प्रश्न एवढाच की या कथांमध्ये नेमकं बघायचं काय असतं? शे-दोनशे वर्षांपूर्वीचे वाचक ज्याला दचकत होते त्याला आज आपण दचकलो नाही, तर उरतं काय? आणि सुरुवात कुठून करू? ‘अभिजात आहे, संयम ठेवा’ असं कृपया सांगू नका, तो संपलाय. बाकीच्या कथांचे शेवटही फोडू नका.

---

कंदील

‘अशर’पासून सुरुवात करायला सांगितलं कुणी! ठेवा बाजूला. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ‘द मंकीज पॉ’ घ्या, १९०२ची. म्हातारा-म्हातारी, त्यांचा मुलगा, आणि तीन इच्छा पुरवणारा माकडाचा वाळका पंजा. भाषा सोपी, संवाद भरपूर, शेवटची दोन पानं जागचं हलू देत नाहीत.

ते झालं की डिकन्सची ‘द सिग्नल-मॅन’. रेल्वे, बोगदा, लाल दिवा. बास, पुढे बोलत नाही.

---

काना_मात्रा

मी निवृत्त मुद्रितशोधक. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या स्वल्पविरामांवर गेलं, त्यामुळे माझं वाचन जरा वाकडं आहे हे आधीच सांगते. गोष्टीत काय घडतंय याच्या आधी मला दिसतं ते कोण बोलतंय आणि तो कुठे अडखळतोय. एरवी ही खोड डोक्याला ताप असते. गॉथिक कथांमध्ये मात्र तिचा फार उपयोग होतो, कारण इथली निम्मी गडबड सांगणाऱ्याच्या बोलण्यातच दडलेली असते.

‘अशर’ तूर्त मिटा आणि त्याच पोची ‘द टेल-टेल हार्ट’ उघडा. जानेवारी १८४३ मध्ये छापून आली, जेमतेम पाच-सहा पानांची आहे. पहिल्याच वाक्यात डॅशवर डॅश. निवेदक म्हणतो, हो, मी अस्वस्थ होतो, भयंकर अस्वस्थ होतो आणि आहे, पण तुम्ही मला वेडा का म्हणता? आता बघा, त्याला वेडा कुणी म्हटलेलंच नाही. कथेला अजून सुरुवातही झालेली नाही. कच्च्या प्रुफात असं वाक्य आलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलं असतं, की हा बोलतोय कुणाशी? पो त्याचं उत्तर शेवटपर्यंत देत नाही. या माणसाचं नाव नाही, वय नाही, ज्या म्हाताऱ्याबद्दल तो बोलतोय तो त्याचा बाप की मालक की घरमालक तेही नाही. आपण शहाणे आहोत याचा पुरावा म्हणून तो काय सांगतो, तर दाराच्या फटीतून नुसतं डोकं आत घालायला मी एक तास घेतला. हे तो अभिमानाने सांगतो!

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे. भूत कधी येतंय याची वाट बघत बसलात तर जांभयाच येणार. सांगणारा स्वतःला काय काय समजावतोय त्याच्यावर नजर ठेवा. हातात पेन्सिल घ्या (फोनवर वाचत असाल तर खूण करायची सोय असतेच) आणि कुणी न विचारता तो जिथे जिथे खुलासा देतो तिथे बारीक रेघ मारा. बाकी काही करू नका. शब्दकोश तर मुळीच उघडू नका, शंभरातले वीस शब्द नाही कळले तरी या कथांचं काही अडत नाही.

त्यानंतर पोचीच ‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’, १८४६. तिथे सांगणारा म्हणतो की फोर्च्युनाटोने माझ्यावर हजार अन्याय केले, ते मी सोसले, पण अपमान केला तेव्हा सूड घ्यायचं ठरवलं. हजारातला एकही अन्याय कथेत सांगितलेला नाही. अपमान काय होता तोही नाही. शिवाय हे सगळं पन्नास वर्षांनी तो कुणाला तरी सांगतोय, आणि तो ऐकणारा याचा स्वभाव चांगला ओळखणारा आहे. कोण असेल? कथा वाचून मिटली की हा प्रश्न मागे लागतो.

मग शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’, १८९२. ही मी सगळ्यांना वाचायला लावते. बाळंतपणानंतर खचलेल्या बाईला तिचा डॉक्टर नवरा हवापालटासाठी एका जुन्या वाड्यावजा घरात आणतो आणि वरच्या मजल्यावरची खोली देतो. ती चोरून रोजनिशी लिहिते, नवऱ्याची चाहूल लागली की वही लपवते. खोलीचं वर्णन नीट वाचा. खिडक्यांना गज आहेत, भिंतींत कड्या आहेत, पलंग जमिनीला खिळ्यांनी ठोकलेला आहे. ती म्हणते, आधी इथे मुलांची खोली असावी, मग व्यायामशाळा. मारा रेघ! गिलमनला स्वतःला १८८७ साली वियर मिचेल नावाच्या नामांकित डॉक्टरने असाच ‘विश्रांतीचा उपचार’ दिला होता, दिवसातून फार तर दोन तास डोक्याचं काम आणि जन्मात पुन्हा लेखणी, कुंचला, पेन्सिल हाती धरायची नाही. तो झुगारून तिने जे लिहिलं ते हे. १९१३ मध्ये तिने ही हकीकत स्वतःच छापली.

एवढं झालं की ‘अशर’कडे परत या. तुम्हाला शेवट माहीत आहे म्हणून मोकळेपणी लिहिते (ज्यांना माहीत नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत).

पहिल्या पानावर त्या माणसाला घर बघून धडकी भरते. तो लगेच स्वतःला सांगतो की साध्यासुध्या गोष्टींची मांडणीच कधी कधी अशी जुळून येते की मन खिन्न होतं, कोन बदलून पाहिलं तर जाईल. म्हणून तो तळ्यातलं प्रतिबिंब बघतो आणि आणखी हादरतो. तुम्ही ज्याला ‘घर बघतो, तळं बघतो’ म्हणालात तो त्याचा पहिला खुलासा, आणि तो तिथल्या तिथे फसतो. पुढे आपल्या बहिणीचं प्रेत घरच्याच तळघरात पंधरवडाभर ठेवायचं असं तो मित्र, रॉडरिक, म्हणतो, तर याला ती निरुपद्रवी आणि स्वाभाविक खबरदारी वाटते. प्रेताच्या गालावर लाली आहे, ओठावर हसू आहे. तो म्हणतो, अशा आजारात असं होतंच. आणि दोघे मिळून झाकणाचे स्क्रू पिळतात! वादळाच्या रात्री घराभोवती चमत्कारिक उजेड दिसतो, तर तो रॉडरिकला खिडकीपासून ओढून नेतो आणि सांगतो की ही नुसती विजेची करामत आहे, नाहीतर तळ्यातल्या कुजक्या वाफा असतील. रेघा मोजा. शेवटी रॉडरिक त्याच्याकडे वळून ओरडतो ‘वेड्या!’, तेही दोनदा. सगळी कथाभर आपण रॉडरिकला वेडा समजत आलेलो असतो.

आता तुमची ती नावडती यादी. त्यातली बहुतेक पुस्तकं खरी आहेत, मॅकियाव्हेली आहे, स्वीडनबोर्ग आहे. सगळी नावं वाचायची गरज नाही, शेवटचं तेवढं बघा. मृतांसाठीच्या रात्रीच्या प्रार्थनांचं एक लॅटिन पुस्तक आहे. ते मिटतं न मिटतं तोच पुढच्या वाक्यात रॉडरिक सांगतो की बहीण गेली. तुम्ही बरोबर त्या उंबऱ्यावर थांबला आहात. याउलट वादळाच्या रात्री निवेदक जे पुस्तक मोठ्याने वाचतो, ‘मॅड ट्रिस्ट’, ते कुठेच नाही. पोने ते त्या एका प्रसंगासाठी रचलं. वाचलेला आवाज आणि घरातला आवाज जुळत जातात, ते सगळं मोठ्याने वाचून बघा.

वाचायची वेळ म्हणाल तर एक सलग तास, मध्ये न उठता. पोने हॉथॉर्नच्या कथांवर १८४२ मध्ये परीक्षण लिहिलं, त्यात त्याचं म्हणणंच असं आहे की कथा अर्ध्या ते दोन तासांत, एका बैठकीत संपावी आणि तिच्यातला प्रत्येक शब्द आधी ठरवलेल्या एकाच परिणामासाठी राबावा. बसच्या प्रवासात तुकड्यातुकड्यांनी वाचली तर त्या बिचाऱ्याचा बेत फसतो.

जाता जाता एक गंमत. या गॉथिक प्रकाराची सुरुवातच एका थापेने झाली आहे. होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ १७६४ मध्ये काढली तेव्हा आपलं नाव घातलं नाही. एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात १५२९ साली नेपल्समध्ये छापलेलं इटालियन पुस्तक मिळालं, त्याचा हा अनुवाद, असं ठोकून दिलं. खपली तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत खरं सांगितलं. सांगणाऱ्यावर विश्वास किती ठेवायचा, हे तेव्हापासून चालू आहे.

---

कंदील

दंडवत! वाचनखूण साठवली. मी आपला माकडाचा पंजा घेऊन आलो होतो.

---

धुकं_गडद

काना_मात्रा यांचा प्रतिसाद सुरेख आहे, पण मला तक्रार नोंदवायची आहे. ही ‘निवेदकच गडबड आहे’ची किल्ली एकदा हाती लागली की माणूस सगळी कुलपं तिनेच उघडत सुटतो. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’चं काय झालं आठवा. १८९८ची गोष्ट. १९३४ मध्ये एडमंड विल्सन या टीकाकाराने निबंध लिहिला की भुतं नाहीतच, मुलांना सांभाळणाऱ्या बाईला भास होतायत. तेव्हापासून त्या कथेबद्दल दुसरं काही बोलणंच अवघड झालंय. भूत खरं असेल तर कथा कमअस्सल होते की काय?

एम. आर. जेम्स वाचा. (दोन जेम्समध्ये गोंधळू नका, यांचा एकमेकांशी संबंध नाही.) हा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातला हस्तलिखितांचा गाढा अभ्यासक. नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना जमवून स्वतःच्या कथा वाचून दाखवायचा. ‘घोस्ट स्टोरीज ऑफ ॲन अँटिक्वरी’ हा पहिला संग्रह १९०४चा. त्यातली ‘ओह, व्हिसल, अँड आय’ल कम टू यू, माय लॅड’ काढा. भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेला एक प्राध्यापक समुद्रकाठच्या गावी गोल्फ खेळायला जातो. पडक्या अवशेषांत त्याला एक जुनी शिटी सापडते. ती तो वाजवतो. त्याच्या खोलीत दोन पलंग आहेत आणि तो एकटा आहे. एवढंच सांगतो.

तिथे निवेदकाची झडती घेऊन काही मिळत नाही. जेम्सने १९२४ मध्ये एका संग्रहाच्या प्रस्तावनेत आपली रीत सांगितली आहे. माणसं त्यांच्या रोजच्या कामात, निवांत, खुशीत दाखवा, आणि त्या शांततेत ती अशुभ गोष्ट आधी जरासं डोकं वर काढू दे, मग हळूहळू पुढे येऊ दे. दोनच गोष्टी त्याला महत्त्वाच्या वाटतात, वातावरण आणि नीट चढवत नेलेला ताण. त्याच्या कथांमध्ये गोल्फ, रेल्वेचं वेळापत्रक, चर्चचे हिशेब असलं रटाळ तपशिलांचं जंगल असतं ते त्यासाठीच. ते ओलांडू नका, तिथेच तो तुम्हाला बेसावध करतो.

एलिझाबेथ गॅस्केलची ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’ सुद्धा अशीच. १८५२ मध्ये डिकन्सच्या ‘हाऊसहोल्ड वर्ड्‌स’च्या नाताळ अंकात आली. शेवटी भुतं कुणाकुणाला दिसावीत यावर डिकन्सने बदल सुचवला, बाईंनी मानला नाही. मला बाईंचंच पटतं. आतून मोडकातोडका असलेला ऑर्गन वादळात वाजत राहतो, बर्फावर एकाच मुलीच्या पावलांचे ठसे असतात. तिथे दाईच्या मनाचं विश्लेषण करत बसलात तर कथा हातची गेली.

अर्धवट_पान, तुम्ही विचारलंत की दचकलो नाही तर उरतं काय. जुन्या गॉथिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या ॲन रॅडक्लिफचा एक लेख तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापला गेला. त्यात ती म्हणते की अस्पष्ट धास्ती मनाला जागं करते, मोठं करते, आणि उघडंवाघडं भयानक दृश्य त्याला आकसून गोठवून टाकतं. दचकवणारे सिनेमे बघून आपल्याला दुसऱ्याची सवय झालीय. या लोकांना पहिलं हवं होतं.

---

काना_मात्रा

धुकं_गडद, तक्रार अर्धी मान्य. एम. आर. जेम्सपुढे माझी पेन्सिल खिशातच राहते हे खरं. तिथे भूत आहे, दात आहेत, केस आहेत, वाद संपला.

पण ले फानूची ‘ग्रीन टी’ घेऊन बसा एकदा. १८६९ची, नंतर ‘इन अ ग्लास डार्कली’त आली. जेनिंग्ज नावाच्या पाद्रीबाबांच्या मागे तांबड्या डोळ्यांचं एक काळं माकड लागतं. पहिल्यांदा दिसतं ते रात्रीच्या रिकाम्या घोडागाडीच्या बसमध्ये, म्हणजे जिथे ते असायचं काहीच कारण नाही अशा जागी. माकड खरं आहे असंच धरून चालू, माझी हरकत नाही. मला रस आहे ही हकीकत सांगणाऱ्या डॉक्टर हेसेलियसमध्ये. कथा संपल्यावर हा गृहस्थ उपसंहार जोडतो आणि अतिशय तज्ज्ञपणाने समजावतो की माकड दिसण्याचा दोष हिरव्या चहाचा, आणि तसंही जेनिंग्ज अजून रीतसर माझे रुग्ण झालेच नव्हते, त्यामुळे माझ्या यशाच्या नोंदीला धक्का लागत नाही. ते वाचताना मला माकडापेक्षा डॉक्टरची जास्त भीती वाटते. भूत खरं असूनही खुलासा खोटा असू शकतो, तेवढी जागा माझ्या पेन्सिलीला ठेवा.

आणि ‘टर्न ऑफ द स्क्रू’बाबत तुमच्याशी सहमत. विल्सनने ती बाई वेडी ठरवून टाकली आणि जेम्सने मुद्दाम उघडं ठेवलेलं दार लावून घेतलं.

---

कंदील

‘सिग्नल-मॅन’बद्दल एक भर घालतो, शेवट न फोडता. कथा १८६६ची. त्याच्या आदल्या वर्षी, ९ जून १८६५ ला, डिकन्स स्वतः स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातात होता. पुलाचं काम चालू असताना गाडी आली, डबे खाली गेले, दहा माणसं दगावली. तो जखमींना पाणी देत फिरला आणि मग डब्यात परत चढून ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’चं हस्तलिखित घेऊन आला. त्यानंतर त्याला गाडीत बसायची कायमची धास्ती बसली. बरोबर पाच वर्षांनी, ९ जूनलाच, तो गेला. हे माहीत असलं की त्या खोल दरीतल्या ओल्या भिंती आणि लाल दिवा वेगळेच दिसायला लागतात.

काना_मात्रा, यात कुणाच्या नावाने रेघ मारायची? वरून हाक मारली तर तो सिग्नलवाला वर न बघता रुळांकडे बघतो, आणि आपला निवेदक ते ‘विचित्र’ म्हणून सोडून देतो. मला तर पहिल्याच पानावर तोच बेजबाबदार वाटला.

---

काना_मात्रा

कंदील, मारा की. शिकलात तुम्ही.

---

अर्धवट_पान

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

‘टेल-टेल हार्ट’ एका दमात झाली, ‘अमोंटिलाडो’ही. ‘अमोंटिलाडो’ सांगणाऱ्या त्या माँट्रेसॉरने मित्राच्या खोकल्याची जी काळजी दाखवली आहे ना, तळघरात ओल आहे, परत फिरू या, तुझी तब्येत महत्त्वाची! रेघ मारू की हात जोडू कळेना.

पण खरं बोलायचंय ते ‘यलो वॉलपेपर’बद्दल. (शेवट येतोय, न वाचलेल्यांनी पुढचा परिच्छेद टाळा.) काना_मात्रा ताई, तुम्ही गज आणि कड्या सांगितल्यात, म्हणून मी खोलीतल्या प्रत्येक वस्तूपाशी थांबत होते. भिंतीच्या खालच्या बाजूला खोलीभर एक लांबलचक घासल्याचा पट्टा आहे. ती म्हणते, कुणी केला असेल आणि कशासाठी, गोल गोल फिरून गरगरायला होतं. नंतर पलंगाचं लाकूड चावलेलं दिसतं, तर ती म्हणते, मुलांनी काय धुडगूस घातलाय इथे. आणि जरा पुढे ती स्वतःच रागाने पलंगाचा कोपरा चावते, आणि अगदी शेवटी सहज सांगते की माझा खांदा त्या पट्ट्यात बरोबर बसतो. म्हणजे सुरुवातीपासून हे सगळं तिनेच केलेलं होतं का? की तिच्याआधी त्या खोलीत आणखी कुणी होती? मी परत पहिल्या पानापासून सुरू केली आणि आता मला ‘मुलांची खोली’ हे शब्द वाचवत नाहीत.

यात कुठेही दचकायला झालं नाही. मात्र रात्री समोरच्या भिंतीकडे बराच वेळ बघत होते हेही खरं.

रविवारी ‘अशर’ पुन्हा, अथपासून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्यानंतर ‘टर्न ऑफ द स्क्रू’ घेऊ का?

---

धुकं_गडद

दोन्ही शक्यता उघड्या आहेत आणि तशाच राहू द्याव्यात असं माझं मत. पट्टा तिला दिसतो तो कागद फाडायला लागण्याच्या आधी, हे फक्त ध्यानात ठेवा.

---

काना_मात्रा

अर्धवट_पान, चावलेल्या पलंगाची रेघ छान पकडलीत.

‘टर्न ऑफ द स्क्रू’ इतक्यात नको. ती लघुकादंबरी आहे, एका बैठकीत होत नाही, आणि हेन्री जेम्सची वाक्यं पोच्या दुप्पट वळणांची असतात. आधी ईडिथ व्हार्टनची ‘आफ्टरवर्ड’ घ्या, १९१०ची. एक जोडपं इंग्लंडमध्ये जुनं घर घेतं, त्यांना भूत असलेलंच घर हवं असतं, आणि त्यांना सांगितलं जातं की भूत आहे, पण ते भूत होतं हे तुम्हाला फार उशिरा कळेल. वाचताना तुम्हीही त्याच्या अंगावरून पुढे निघून जाता. ‘ग्रीन टी’ त्यानंतर. तुमच्या संग्रहात नसतील तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर दोन्ही फुकट आहेत, स्वामित्वहक्क कधीच संपले. लिब्रिवॉक्सवर ऐकायलाही मिळतील, मात्र तिथे वाचणारे हौशी असतात, आवाज आवडला नाही तर दुसरी ध्वनिफीत शोधा.

फॉकनरची ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) सगळ्यात शेवटी ठेवा. तिथे ‘मी’ नाहीच, ‘आम्ही’ म्हणून अख्खं गाव बोलतं, आणि काळ मागेपुढे करत बोलतं. कोणत्या साली काय घडलं ते समासात लिहून ठेवा, म्हणजे त्या ‘आम्ही’ला काय कधीपासून माहीत होतं ते दिसेल. वाचलीत की इथे लिहा, मला त्या गावाबद्दल भांडायचं आहे.

आणि हो, संग्रहाची प्रस्तावना सगळ्या कथा संपल्याशिवाय उघडू नका. संपादक मंडळी पहिल्याच परिच्छेदात शेवट सांगून मोकळी होतात.